उंच टाकीत खाद्य चढवायला ब्लोअर : पाऊस सरल्यावरची तयारी

पाऊस सरला, भात खळ्यावर आलं, की शेडमधल्या खाद्याच्या टाक्या धुऊन-वाळवून पुन्हा भरायची वेळ येते. पन्नास किलोचं पोतं खांद्यावर घेऊन शेवाळलेल्या जागेत टेकवलेली शिडी चढणं हे या कामातलं सगळ्यात धोक्याचं. त्याला ब्लोअरचा चांगला पर्याय आहे.

अमेरिकेत टेक्सासकडे हरणांसाठी उंच पायांवर साधारण २०० लिटरचे ड्रम उभारतात. टायमरवर फिरणारी चकती ठरल्या वेळी त्यातला मका खाली उधळते. असे ड्रम भरताना तिथले लोक खालूनच ब्लोअरच्या हवेने मका पाइपातून वर चढवतात. आपल्याकडे कोकणात हीच युक्ती कोंबड्या आणि शेळ्यांसाठी घ्यावी. रानाच्या कडेला ड्रम लावून डुकरांना आणि वांदरांना खाऊ घालायच्या फंदात मात्र पडू नका. ‘तिकडेच पोट भरलं तर बागेत येणार नाहीत’ हा हिशेब उलटा पडतो. दाण्याची चटक लागलेला कळप शेजारचं भात आणि परसातलं सुरणही सोडत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आमिष दाखवणंही शिकारीच्या व्याख्येत येतं.

परसातल्या पन्नास कोंबड्यांसाठी हा खटाटोप करू नका, तिथे बादली पुरते. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते, म्हणजे पाचशे पक्ष्यांना रोज ५५ ते ६० किलो खाद्य लागतं. तेवढ्या पक्ष्यांपासून पुढे ब्लोअरचा विचार करावा.

यंत्रात दाणा पंख्यातून जाता कामा नये, नाहीतर मक्याचा भरडा होतो. ब्लोअरच्या तोंडाला पुढे अरुंद होत जाणारा गळा जोडतात. त्या गळ्यातून हवा वेगाने सुटते, तिथला दाब उतरतो आणि लगेच पुढे बसवलेल्या नरसाळ्यातला दाणा आत ओढला जातो. गळा न करता नुसता टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, जोडून नरसाळं बसवलं, तर हवा नरसाळ्यातून उलटी येते आणि मका तोंडावर उडतो. नरसाळ्याच्या बुडाला सरकती पत्र्याची झडप हवीच.

मका सरळ वर चढवायला पाइपात सेकंदाला साधारण २५ मीटरचा वेग लागतो. तीन इंची पाइपात तेवढ्या वेगासाठी मिनिटाला सुमारे ७ घनमीटर हवा हवी. खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या तोंडाचा असतो. पाइप जोडला की तो बराच उतरतो, म्हणून घेताना दीडपट-दुप्पट आकड्याचा ब्लोअर पाहा. जास्त माल जाईल म्हणून चार इंची पाइप लावू नका, कारण तीच हवा त्यात जवळजवळ निम्म्या वेगाने जाते आणि दाणा मध्येच बसतो. या मापाच्या साध्या जुळणीतून मिनिटाला आठ-दहा किलो मका चढला तरी चांगलं. २०० लिटरच्या ड्रममध्ये साधारण १४० किलो मका मावतो, म्हणजे पाव तासाचं काम.

वळण शक्यतो एकच ठेवा. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशाचे दोन लावले तर दाणा कमी फुटतो. टाकीवर हवा बाहेर जायला पाइपाच्या निदान दुप्पट तोंडाची वाट ठेवून तिच्यावर कापडी पिशवी बांधा. ती वाट नसेल तर झाकण तरी उडतं किंवा पाइप तरी तुंबतो.

चालवताना आधी ब्लोअर, मग झडप. थांबवताना आधी झडप बंद, पाइप रिकामा झाल्याचा आवाज आला की मग ब्लोअर. हा क्रम चुकला की उभ्या पाइपातला सगळा माल वळणावर येऊन बसतो. विजेच्या ब्लोअरवर संध्याकाळी लाइटचा दाब उतरतो तेव्हा असंच होतं, म्हणून भरणं दुपारी उरकावं. दुपारचं आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात किनाऱ्यावर सकाळी दंव असतं आणि ती ओल हवेबरोबर थेट टाकीत जाते. मका १३ टक्क्यांपेक्षा ओला असेल तर बंद टाकीत बुरशी धरतो आणि बुरशीचं विष कोंबड्यांच्या यकृतावर येतं. दाताखाली कट्टकन फुटत नसेल असा मका चढवूच नका, उन्हात आणखी वाळवा.

भरड, म्हणजे मॅश, ब्लोअरने कधीही चढवू नये. त्यातली जीवनसत्त्वं आणि खनिजांची बारीक पूड हवेबरोबर पिशवीत जाते आणि कोंबडीच्या वाट्याला नुसता मका उरतो. अख्खा मका, भात आणि कडक पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, चालतात. पेलेट थोडे फुटणारच. चुरा फार दिसला तर हवा कमी करा.

आता सर्वांत महत्त्वाचं. आंब्याच्या फवारणीचा मिस्ट ब्लोअर घरात असतोच, आणि मोहर यायला अजून वेळ असल्याने तो रिकामाही असतो. तो खाद्यासाठी वापरू नका, कितीही धुतलात तरी नाही. कीटकनाशक नळीच्या आतल्या अंगाला धरून राहतं. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या जुन्या निळ्या ड्रमांचंही तेच. आधी त्यात काय होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पेट्रोलवरचा ब्लोअर शेडबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. त्याच्या आवाजाने कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून गुदमरू शकतात. पहिले काही दिवस दुरून, थोडा थोडा वेळ चालवून त्यांना सवय लावा. पीव्हीसी पाइपातून कोरडा दाणा धावला की स्थिर वीज साठते आणि झटका बसतो. पाइपाभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून तिचं टोक जमिनीत पुरलेल्या लोखंडी सळईला जोडा. धान्याची धूळ पेटते, तेव्हा विडी लांब ठेवा आणि नाकाला मास्क बांधा.

सांडलेला दाणा त्याच दिवशी झाडून घ्या. त्यावर उंदीर येतात, आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप कोकणाला नवा नाही.

खाऱ्या हवेत साधा पत्रा दोन पावसाळेही धड काढत नाही, म्हणून गळा आणि झडप स्टेनलेसची करा. काम झालं की पाइपाच्या दोन्ही तोंडांना टोपणं लावा. उघड्या पाइपात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, आणि पुढच्या वेळी ब्लोअर सुरू केल्यावर ते ढेकूळ टाकीत तरी जातं किंवा वळणावर अडकतं.