जेलवर बँड दिसत नाही? आधी या चुका टाळा

"आयपीटीजी घातलं, चार तास थांबलो, जेलवर काहीच नाही." ई. कोलाय या बॅक्टेरियाकडून हवं ते प्रोटीन बनवून घेणाऱ्यांचं हे गाऱ्हाणं (आयपीटीजी म्हणजे प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन, जेलवरचा बँड म्हणजे ते बनल्याची खूण) इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याचं बोलणं संपायच्या आतच मी विचारतो, अँटिबायोटिक कुठलं वापरलंस?

अ‍ॅम्पिसिलिननं मलाही तीन आठवडे नाचवलंय. रात्रभर वाढवलेलं ई. कोलाय सकाळी तसंच मोठ्या फ्लास्कमध्ये ओतायचो. वाढ झकास, प्रोटीनचा पत्ता नाही. आयपीटीजी कमी-जास्त केलं, तापमान बदललं, शेवटी जीनलाच शिव्या घातल्या. मग वैतागून इंडक्शनच्या (आयपीटीजी घालायच्या) ऐन आधीचा कल्चरचा थेंब पातळ केला आणि दोन प्लेटांवर पसरला: एक साधी, एक अ‍ॅम्पिसिलिनची. सकाळी साधीवर शेकडो कॉलनी, दुसरीवर अकरा. बहुतेक पेशींनी प्लास्मिड, म्हणजे आपला जीन आणि अँटिबायोटिकला तोंड द्यायचा जीन असलेलं डीएनएचं कडं, कधीच टाकून दिलं होतं!

प्लास्मिडवरच्या जीनमुळे बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम तयार होतं, ते बाहेर झिरपतं आणि मीडियातलं (वाढीच्या द्रवातलं) अ‍ॅम्पिसिलिन फस्त करतं. मग बिनप्लास्मिडवाल्यांना रान मोकळं, आणि ओझं नसल्यामुळे वाढतातही त्याच भराभर. रात्रभराच्या कल्चरमध्ये हे एन्झाइम साचलेलं असतं, तेच आपण ताज्या मीडियात ओततो.

आता मी शक्यतो कॅनामायसिनचंच प्लास्मिड घेतो. नाइलाज असेल तर अ‍ॅम्पिसिलिनऐवजी जास्त टिकणारं कार्बेनिसिलिन, आणि जुना मीडिया सेंट्रिफ्यूज करून फेकायचाच. दोन प्लेटाही दर वेळी. "त्यात एक रात्र जाते" म्हणून कुरकुर होते. जाऊ दे की.

दुसरं दुखणं घाईचं. 37 अंश, एक मिलिमोलर आयपीटीजी, संध्याकाळपर्यंत जाडजूड बँड, आणि सगळं प्रोटीन गाळात! पेशी इतक्या वेगानं बनवते की घडी नीट पडत नाही, गोळे होतात. मी 18 अंशांवर रात्रभर ठेवतो, आयपीटीजी दहावा हिस्सा. पण गोळे झाले म्हणून लगेच रडूही नका, उरलेलं काम पेशीबाहेरही करता येतं. इन्सुलिनच्या दोन साखळ्या डायसल्फाइड (गंधकाच्या) बंधांनी जोडलेल्या असतात, आणि ई. कोलायच्या पेशीद्रवात ते बंध धड जुळत नाहीत. 1978 मध्ये या साखळ्या वेगवेगळ्या बॅक्टेरियांत बनवून बाहेर जोडल्या. 1982 मध्ये ते इन्सुलिन अमेरिकेत मंजूरही झालं.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. टी7 प्रमोटरचं (जीन चालू करणाऱ्या बटणाचं) प्लास्मिड डीएच5 अल्फा या ई. कोलायच्या वाणात घालून वाट बघत बसणं: तिथे ते बटण दाबणारं टी7 पॉलिमरेज एन्झाइमच नाही, बीएल21 (डीई3) हा वाण घ्या. मानवी जीन जसाच्या तसा घालणं: एजीए, एजीजी हे कोडॉन (जीनमधले तीन अक्षरी शब्द) ई. कोलायला जड जातात. शुद्ध दिसतंय म्हणून एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाच्या आवरणातलं विष) न तपासता पेशींवर प्रयोग करणं. आणि एरिथ्रोपोएटिनसारखं साखरेच्या साखळ्या लागणारं प्रोटीन नेहमीच्या ई. कोलायकडे मागणं. त्याच्याकडे ती सोयच नाही. हॅम्स्टरच्या पेशींकडे जा.