बाजारभावाची साईट विकायची आहे? आधी जुलैचा हिशेब काढा

कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याचे रोजचे भाव देणारी साईट मी सात वर्षं चालवली आणि मग विकली. आता आमच्या वरुड-मोर्शी भागातली दोन-तीन पोरं अशाच साईटी विकायला निघाली आहेत आणि किती मागायचे म्हणून विचारतात. त्यांचा आकडा मी कसा सांगणार? पण आकडा तोंडातून निघण्याआधी काय तयार ठेवायचं, ते सांगतो.

सगळ्यात आधी बारा महिन्यांची कमाई महिनावार मांडा. हे काम सावकाश करा, कारण आपल्या साईटला पिकासारखाच हंगाम असतो. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, दिवाळीच्या आगेमागे कापूस बाजारात येतो, जानेवारी-फेब्रुवारीत तूर. त्या दिवसांत कास्तकार दिवसातून तीनदा भाव बघतो. जून ते ऑगस्ट तोच माणूस पेरणी-डवरणीत गुंतलेला, घरात विकायला माल नाही, मग भाव कशाला बघेल? मी पहिल्या गिऱ्हाइकाला नोव्हेंबरचे ३४,००० धरून त्याच्या तीसपट, म्हणजे १०,२०,००० सांगितले. त्यानं जुलैचा आकडा विचारला. मी काढलाच नव्हता. माणूस चांगला होता, साईट जपली असती, पण तो परत आला नाही. ती चूक माझी होती.

कमाई लिहिताना पासबुकावर विसंबू नका. अ‍ॅडसेन्सचे, म्हणजे साईटवरच्या गूगलच्या जाहिरातींचे पैसे पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, आणि १०० डॉलर पुरे झाले नाहीत तर येतच नाहीत, पुढे साचतात. म्हणून पैसे ज्या महिन्यात कमावले त्याच महिन्यात धरा.

आता खर्च वजा करा. समजा वर्षाची कमाई २,१६,०००. साईटचं नाव आणि तिची इंटरनेटवरची जागा, म्हणजे डोमेन-होस्टिंगचे ९,००० आणि बाजार समितीतून भाव कळवणाऱ्या पोराचे महिन्याला ३,००० प्रमाणे ३६,००० गेले, की उरले १,७१,०००, म्हणजे महिन्याला १४,२५०. छोट्या साईटींच्या व्यवहारात मालकाची स्वतःची मेहनत सहसा वजा करत नाहीत. माझं मत थोडं वेगळं आहे. घेणारा स्वतः बसणार असेल तर वजा करू नका, पण नागपूर-पुण्याहून माणूस ठेवून चालवणार असेल तर त्या माणसाचे पैसे तो धरणारच. महिन्याला ४,००० धरले तर हातात १०,२५० राहतात. दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि रोज किती तास बसता तेही खरं सांगा.

बाजारात साधारण महिन्याच्या निव्वळ नफ्याच्या २४ ते ३६ पट भाव चालतो, कधी थोडा जास्त, बारक्या साईटीला बराच कमीही. १४,२५० वर हा भाव ३,४२,००० ते ५,१३,००० होतो. या दोन टोकांमध्ये तुम्ही कुठे बसता, ते साईट कशावर उभी आहे त्यावर ठरतं. गूगलवरून किती लोक कुठल्या पानावर येतात, त्याची १६ महिन्यांची माहिती गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये मिळते, ती उतरवून घ्या. निम्मे लोक एकाच पानावर येत असतील किंवा सगळे गूगलवरूनच येत असतील, तर खालच्या टोकाला या. साईटचं नाव थेट टाकून येणारे जास्त असतील तर वर जा. संत्र्याचा एक बहार विकणं वेगळं आणि झाडांसकट बगीचा विकणं वेगळं. नाव लक्षात ठेवून येणारे लोक म्हणजे तुमची झाडं. गिऱ्हाइकाला आकडे दाखवायचे तर फक्त बघण्याची परवानगी द्या, पासवर्ड देऊ नका.

मग काय हाती देता येतं आणि काय नाही, ते बघा. अ‍ॅडसेन्सचं खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही. घेणाऱ्याला स्वतःचं खातं मंजूर करून घ्यावं लागतं, आणि तोवर जाहिरातींचे पैसे थांबतील हे आधीच सांगा. व्हॉट्सअ‍ॅप गटातले कास्तकारांचे नंबर हा विकायचा माल नाही. त्यांनी ते भाव कळावा म्हणून तुम्हाला दिले. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोखही संमतीवरच आहे. त्यांना आधी विचारा, आणि किमतीत ते नंबर धरू नका.

लेख-फोटो दुसऱ्यानं दिले असतील तर त्याची लेखी परवानगी काढा. विक्रीच्या करारात कॉपीराइट कायमचा आणि जगभरासाठी दिला, असं स्पष्ट लिहा. १९५७ च्या कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पाच वर्षांनी पुन्हा भांडण नको.

डोमेन तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर आहे ना, तेही आजच बघा. पुष्कळांचं ते साईट बनवून देणाऱ्या पोराच्या नावावर निघतं. दुसऱ्याच्या नावावरचा सातबारा घेऊन वावर विकता येत नाही, तसंच हे.

इसार घ्या, पण बाकी रक्कम तिसऱ्याच्या हातात, एस्क्रोत ठेवा आणि पैसे तिथे पोचल्यावरच डोमेन दुसरीकडे हलवायचा कोड द्या. हस्तांतरानंतर एक महिना फोन उचलण्याचं मी करारात लिहून दिलं होतं. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी फोन यायचा, बाजार समितीतून भाव कसे घ्यायचे म्हणून. चौथ्या आठवड्यात एकच आला.