पांढरा बगळा, पण कोणता? पक्ष्याची ओळख पटवण्याची आणि नोंद करण्याची रीत

भातखाचरात किंवा तळ्याकाठी उभा असलेला पांढरा पक्षी बहुतेक जण ‘बगळा’ म्हणून सोडून देतात. नव्या पक्षीनिरीक्षकानं नेमकं तिथंच थांबावं. महाराष्ट्रात पांढरा बगळा पाचांपैकी कोणताही असू शकतो: गायबगळा, लहान बगळा, मध्यम बगळा, मोठा बगळा आणि किनाऱ्यावर समुद्र बगळ्याचं पांढरं रूप. त्यात ढोकरी या बगळ्याच्याच कुळातल्या पक्ष्याची भर. बसलेली ढोकरी मातकट दिसते, पण उडाली की पंख पांढरेशुभ्र. बगळे सहज दिसतात, एका जागी बराच वेळ उभे राहतात. घारी, ससाणे आणि चिखलातले पाणपक्षी यांच्या गुंत्यात शिरण्याआधी सरावाला यांच्याइतका चांगला गट नाही.

पुस्तकाआधी वही

पक्षी दिसला की आधी पाहा आणि लिहा, चित्रं नंतर. चित्र आधी पाहिलं की डोळे तेच शोधू लागतात. तारीख, वेळ, नेमकी जागा, उजेड कुठून येत होता, पक्षी अंदाजे किती अंतरावर होता, तो काय करत होता, शेजारी कोण होतं, एवढं दोन-तीन ओळींत मावतं. ‘म्हशीच्या पायाशी किडे टिपत होता’ हे वाक्य रंगाच्या वर्णनापेक्षा कितीतरी उपयोगी ठरतं.

आकार लिहिताना शेजारच्या ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करा. उघड्या पाण्यात एकट्या उभ्या असलेल्या पांढऱ्या पक्ष्याच्या उंचीचा अंदाज अनुभवी माणसाचाही चुकतो.

चोच, पाय, जिवणी

चोचीपासून सुरुवात करा. आखूड पिवळी चोच, आखूड मान आणि हनुवटीखाली पिसांचा फुगवटा असेल तर तो गायबगळा. विणीच्या काळात त्याचं डोकं, मान आणि पाठ नारिंगी होते, मग शंका उरत नाही.

चोच काळी आणि सडपातळ, पायही काळे असतील तर पावलं दिसेपर्यंत थांबा. लहान बगळ्याची पावलं पिवळी असतात, काळ्या पायांत पिवळे मोजे घातल्यासारखी. तो चिखलात उभा असला तर ती दिसत नाहीत. पाऊल उचलेल किंवा उडेल त्या क्षणाची वाट पाहावी लागते.

मध्यम आणि मोठा बगळा यांच्यात सगळ्यांची गफलत होते. दोघांचीही चोच एरवी पिवळी आणि विणीच्या काळात काळी, त्यामुळे नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका. जिवणीची रेघ, म्हणजे चोच जिथं उघडते ती रेघ, पाहा. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. मोठ्याची मान फार लांब, मधे ठळक बाक असलेली. मध्यमचं डोकं गोलसर आणि चोच त्या मानानं आखूड. दुर्बिणीतून किंवा बऱ्या फोटोत रेघ दिसली, तर वाद तिथंच मिटतो.

फोटो पुराव्यासाठी

पहिला फोटो कसाही निघो, काढून ठेवा. नंतर बाजूनं एक, पाय दिसतील असा एक, आणि जमलं तर उडतानाचा. पांढरा पक्षी उन्हात भडक येतो, पिसं आणि चोचीची कड त्यात हरवते, म्हणून कॅमेऱ्यात उजेड थोडा कमी ठेवा. रंग बदललेला किंवा फार कापलेला फोटो विचारण्यासाठी वापरू नका. फोटोसाठी पक्ष्याला उडवणं तर पूर्णपणे टाळा.

मर्लिनसारखं अॅप फोटोवरून नाव सुचवतं. ते नाव सुगावा म्हणून घ्या आणि खुणा स्वतः ताडून पाहा.

दुसऱ्याला विचारताना

नुसता फोटो टाकून ‘हा कोणता?’ असं विचारू नका. जागा, तारीख आणि वर्तन आधी लिहा, मग तुमचा अंदाज आणि त्याचं कारण: ‘मध्यम बगळा वाटतो, कारण जिवणीची रेघ डोळ्याखाली थांबते, मोठा का नाही, याची खात्री हवी.’ असा प्रश्न आला की जाणकार मनापासून उत्तर देतात. कुणी ‘नक्की हाच’ म्हणालं, तर ‘कशावरून?’ हे आदरानं पण जरूर विचारा. ओळख खुणेवरून ठरावी, सांगणाऱ्याच्या वयावरून किंवा नावावरून नाही. उत्तर देणाऱ्यांनाही हाच नियम: नावासोबत खूण सांगा, म्हणजे विचारणारा पुढच्या वेळी स्वतः ओळखेल.

जिथं ठरत नाही तिथं

कोकण किनाऱ्यावर ही वेळ हमखास येते. समुद्र बगळ्याचं राखाडी रूप गडद अंगामुळे आणि पांढऱ्या गळ्यामुळे ओळखू येतं. पांढरं रूप मात्र लहान बगळ्यासारखंच. चोच थोडी जाड, तपकिरी-पिवळसर आणि किंचित खाली वाकलेली असेल, तर समुद्र बगळ्याचा संशय घ्यावा. दोघांची संकरित पिल्लंही होतात, म्हणून काही पक्षी शेवटपर्यंत सुटत नाहीत. अशा वेळी ‘लहान बगळा किंवा समुद्र बगळा’ अशीच नोंद करा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशा जोडनोंदीची सोय आहे. ही नोंद अपुरी नसते, पाहिलं तेवढंच ती सांगते.

जागा खरी लिहा

चुकीच्या नोंदीची किंमत रानपिंगळा या दुर्मिळ, छोट्या घुबडाच्या इतिहासात दिसते. १८८०च्या दशकात पक्षीसंग्राहक जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे नमुने जमवले. पुढे ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्टझागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ तो मिळवल्याचा दावा केला. त्या दाव्यावर विसंबून शोध भलत्याच ठिकाणी झाले. तो नमुना प्रत्यक्षात संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसन यांचाच होता. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं. हा फरक ठाऊक असलेले डोळे योग्य जागी पोहोचणं गरजेचं होतं.

खरी जागा नोंदवहीत लिहावी, पण ती सगळ्यांना सांगावीच असं नाही. घरटं, घुबडाची विसाव्याची ढोली, माळढोकासारख्या दुर्मिळ पक्ष्याचा ठावठिकाणा उघड करू नका. गर्दी झाली की पक्षी घरटं सोडू शकतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणंही टाळा.

नोंद दुरुस्त करा

नंतर ओळख बदलली, तर जुन्या नोंदीत जाऊन नाव बदला आणि कारणही लिहा. मूळ फोटो आणि वही जपून ठेवा. गायबगळा आणि मध्यम बगळा या दोन्हींची गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या जातींत विभागणी झाली आहे. पुढेही असे बदल होतील, आणि तेव्हा तुमच्या तळ्याकाठचा पक्षी कोणता होता हे जागा, तारीख आणि मूळ फोटो यांवरूनच सांगता येईल.