जुगाराला वास नसतो

जुगार सोडणाऱ्यांना सोबत करायच्या या कामातल्या पहिल्याच महिन्यात मी एका माणसाला दोन हजार रुपये दिले. गटात नवा होता, मुलीच्या शाळेची फी भरायची म्हणाला, डोळ्यांत पाणी होतं. हीच वाक्यं बोलून मी स्वतः सात वर्षं लोकांकडून पैसे काढले होते, कधी आईच्या ऑपरेशनला तर कधी गाडीच्या हप्त्याला. तरी फसलो. पैसे त्याच रात्री रमीत गेले, आणि पुढचे सहा आठवडे तो मला टाळत राहिला. दोन हजारांचं काही नाही. पण देताक्षणी मी त्याचा सोबती न राहता सावकार झालो, आणि सावकाराला कोण आपणहून तोंड दाखवतं?

तेव्हा या कामात येणाऱ्याने पहिल्या दिवशी हेच ठरवून यावं: एक रुपयाही द्यायचा नाही. चहा पाजा, बसचं तिकीट स्वतः काढून द्या. हातात रोख देऊ नका, त्याच्या फोनवरही पाठवू नका.

मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत फिटर होतो. आधी मटका, मग फोनवरची रमी. खेळ सोडून पाच वर्षं झाली. गेली तीन वर्षं एका व्यसनमुक्ती केंद्रातर्फे जुगार सोडणाऱ्यांच्या घरी जातो, त्यांच्यासोबत बसतो. ‘यात यायचं कसं’ असं बरेच जण विचारतात. सरळ रस्ता नाही. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती योजनेत वस्तीत फिरणारे ‘पीअर एज्युकेटर’, म्हणजे बरोबरीच्यांना समजावणारे, आहेत, पण ती योजना दारू-ड्रग्जसाठी. जुगारासाठी वेगळी जागा निघालेली मी तरी पाहिली नाही. बहुतेक जण माझ्यासारखेच मागच्या दाराने येतात: आधी पेशंट, मग गटात खुर्च्या मांडणारा, मग कुणीतरी म्हणतं, ‘अरे, त्या सिडकोतल्या पोराला जरा भेटून ये.’ १९८६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने बरे झालेल्या माणसांना कामावर घेऊन ही वाट रुळवली. मानधन थोडं असतं. नोकरी सोडून येऊ नका. निदान एक वर्ष स्वतः खेळापासून लांब राहिल्याशिवाय तर मुळीच येऊ नका.

आता खरी अडचण. दारू प्यालेल्याच्या तोंडाला वास येतो, पाय अडखळतात. जुगाराला वास नसतो. माणूस तुमच्यासमोर बसून, डोळ्याला डोळा देऊन ‘चार महिने झाले, हात लावला नाही’ म्हणतो आणि खिशातल्या फोनवर डाव चालू असतो. रक्ताची तपासणी नाही, लघवीची नाही. त्यामुळे आपण पैशाकडे कान लावून बसायला शिकतो. पगार झाल्याला चार दिवस झाले नाहीत तोच उसनवारी, हे ओळखता येतं. विनाकारण फार आनंदात असला तर मी जास्त सावध होतो, कारण हरलेला गप्प बसतो आणि जिंकलेला घरी मिठाई आणतो.

भाषेचीही गंमत आहे. आम्ही केंद्रात ‘रिकव्हरी’ म्हणतो. घरच्यांना तो शब्द ऐकला की वसुलीवाले आठवतात. आणि खेळणाऱ्याच्या तोंडी ‘रिकव्हर करायचंय’ म्हणजे गेलेले पैसे परत जिंकायचेत. एकाच खोलीत एकाच शब्दाचे तीन अर्थ. म्हणून मी घरी गेलो की तो शब्द वापरतच नाही, ‘सुटणं’ म्हणतो. ‘ओपन’, ‘क्लोज’, ‘पत्ती’ (मटक्यातले तीन आकडे), ‘आयडी’ (बुकीने दिलेलं सट्ट्याचं ऑनलाइन खातं) हे शब्द मात्र माहीत हवेत. मटका मुळात न्यूयॉर्कहून मुंबईला येणाऱ्या कापसाच्या भावावर चालायचा, उघडताना एक भाव, बंद होताना एक. तो प्रकार बंद पडल्यावर साठच्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. कापूस गेला, ‘ओपन-क्लोज’ राहिलं. हे सांगितलं की जुना मटकेवाला पहिल्यांदा हसतो, आणि हसला की बोलतो.

‘गॅम्बलर्स अनॉनिमस’ हा जुगार सोडू पाहणाऱ्यांचा गट १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. त्यांचे वीस प्रश्न आहेत. सक्तीने खेळणारे बहुतेक जण त्यातल्या निदान सातांना ‘हो’ म्हणतात. प्रश्न चांगले आहेत, पण पहिल्याच भेटीत वीसही विचारलेत तर ते पोलीस चौकीसारखं वाटतं. मी एकच काढतो: खेळायला ठेवलेले पैसे घरखर्चाला द्यायला जीवावर येतं का? गॅस संपलाय, बायको सांगतेय, खिशात पाचशे आहेत, पण ते ‘त्या’ कामाचे. यावर खरा माणूस मान खाली घालतोच. आणि ‘एका आकड्याने हुकलं’ असं कुणी सांगू लागला की हसू नका. थोडक्यात हुकणं म्हणजे हरणंच, पण मेंदूला ते जिंकत आल्यासारखं वाटतं आणि हात पुन्हा वळवळतो. हा आजार आहे, हे डॉक्टरांनीही मान्य केलंय. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत २०१३ पासून जुगार दारू-ड्रग्जच्याच प्रकरणात आहे.

कामाचा गाभा मात्र कर्जाची यादी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत वही काढायची. पतसंस्था, कंपनीतली सोसायटी, पीएफचा ॲडव्हान्स, गहाण सोनं, भिशी, लोन ॲप, मेव्हणा, सावकार. यादी संपली की मी खाली मुद्दाम चार ओळी कोऱ्या सोडतो. कारण एक कर्ज लपवलेलं असतंच. तो ते गुपचूप फेडायचं म्हणतो, आणि गुपचूप फेडायचा एकच मार्ग त्याला माहीत असतो. मी स्वतः दोनदा परत खेळलो ते या न सांगितलेल्या कर्जापायीच. कुणाच्या कोऱ्या ओळी तीन महिन्यांनी भरतात, कुणाच्या वर्षाने. घाई करू नका, पण वही दर वेळी उघडी ठेवा.

कर्ज देणाऱ्यांशी बोलणी आपण करायची नाहीत. सावकार विनापरवाना असेल तर महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने तो गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. लोन ॲपवाले फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवू लागले तर १९३० या नंबरवर सायबर तक्रार. आपण सोबत जाऊन बाकावर बसायचं, एवढंच.

वहिनींचा फोन रात्री येतो. ‘भाऊ, खरं सांगा, खेळतात का अजून?’ त्याने विश्वासाने सांगितलेलं त्याला न विचारता सांगायचं नाही, आणि वहिनींशी खोटंही बोलायचं नाही. मी म्हणतो, ‘त्यांच्या तोंडचं त्यांच्याकडूनच ऐका, मी समोर बसतो. पण पगाराचं खातं आणि बँकेचे मेसेज तुमच्या फोनवर येऊ द्या.’ बायकांचा वेगळा गट असेल तर त्यांना तिकडे न्या. त्यांचं दुःख आपल्याला कळतं असं समजू नका. आपण ते दिलेलं असतं.

एक प्रश्न आडपडदा न ठेवता विचारायचा: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. हरल्याच्या रात्रीइतकाच घरी कळल्याचा दिवसही धोक्याचा. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्या कुणाला बोलवायचं, तिथूनच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावायचा आणि जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं. पोलीस केसच्या भीतीने घरचे दडपत असतील तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगा: आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच कायदा धरून चालतो. आपण डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. हे त्या वेळी आठवणं अवघड जातं, म्हणून आधीच पाठ करून ठेवा.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारची बंदी आली. आमच्या गटात दोन पोरं त्या दिवशी रडली, एकाने पेढे वाटले. तो कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही, खेळवणाऱ्याला करतो; घाबरलेल्या पोरांना हे सांगावं लागतं. रडलेल्यांपैकी एक महिन्याभरात बुकीकडून क्रिकेटची आयडी घेऊन बसला. दुसरा अजून येतो, वहीत दोन ओळी भरून गेला.

स्वतःची काळजी हा विषय मी टाळायचो. दिवसभर डावांच्याच गोष्टी ऐकल्या की रात्री बोटं सळसळतात. माझा पगार अजूनही बायकोच्या खात्यात जातो, मला रोज दोनशे मिळतात. मित्र हसतात. हसू देत.

गणपतीचे दहा दिवस सगळ्यात वाईट. जागरणाला मंडपामागे तीन पत्ती बसते, त्यात पोलिसाचा मेव्हणाही असतो. त्या रात्री आम्ही एका सभासदाच्या ओट्यावर कॅरम लावतो, चहाचं पातेलं ठेवतो, दोन वाजेपर्यंत बसतो. पहिल्या वर्षी एकाने विचारलं, ‘जो हरेल त्याने चहा करायचा, एवढं तरी चालेल ना?’ त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं, नाही चालणार. चहा पाळीने.