मंडळाच्या बोर्डावर देशासाठीच्या गोलांचे रेकॉर्ड कसे लिहायचे

२०२६ चा फुटबॉल वर्ल्डकप ११ जून ते १९ जुलै, आणि आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, म्हणजे वेंगुर्ला-मालवण-देवगडला पोरं रात्री मंडळात बसणार आणि मेस्सी की रोनाल्डो यावरून वाद होणार हे ठरलेलंच. तेव्हा भिंतीवर एक बोर्ड लावाच. फक्त मोबाईलवर दिसला तो आकडा उतरवू नका, कारण लगेच कोणीतरी दुसरा आकडा काढून दाखवतो.

आधी मोजायचं काय ते ठरवा. "फ्रेंडलीतले गोल धरूचे काय नाय?" हे पहिलं येणार. धरायचे. दोन देशांच्या सीनियर टीममधली ऑफिशियल मॅच असली की झालं, फ्रेंडली (स्पर्धेबाहेरची मॅच) असो नाहीतर क्वालिफायर (स्पर्धेच्या पात्रतेची मॅच). क्लबचे गोल नाहीत, अंडर-२३ चे नाहीत, शूटआऊटमधले (मॅच बरोबरीत राहिली की निकालासाठी मारतात त्या पेनल्टीचे) तर नाहीतच, मॅचमध्ये मिळालेली पेनल्टी मात्र धरायची. पेलेचंच बघा, फिफाच्या (जागतिक फुटबॉल संघटनेच्या) हिशोबाने ९२ मॅचमध्ये ७७ गोल, पण ब्राझीलचं फेडरेशन क्लबांविरुद्धच्या मॅचही धरतं आणि ९५ सांगतं, त्यामुळे २०२३ मध्ये ब्राझीलच्याच नेमारने बोलिव्हियाविरुद्ध ७८ वा मारला तेव्हा पेलेचा ब्राझीलसाठीचा रेकॉर्ड मोडला की नाही यावरच दोन मतं. तुम्ही ७७ लिहा आणि ९५ का नाही ते खाली बारीक अक्षरात लिहा. इराणच्या अली दाईचंही तसंच, वर्षानुवर्षं १०९ छापलं गेलं, हल्ली बऱ्याच ठिकाणी १०८ दिसतं.

गोलाशेजारी मॅचचा रकाना हवाच हवा. हंगेरीच्या पुश्काशचे ८४ गोल नुसते वाचले तर तो यादीत खाली वाटतो, पण ते फक्त ८५ मॅचमध्ये आहेत! माझ्या मते अख्ख्या बोर्डावरचा सगळ्यात भारी आकडा हाच.

आता लिहायचं कशाने. पावसात भिंतीला ओल येते, कागदी चार्ट आठवड्यात फुगतो, त्यामुळे लाकडी फळा घ्या, भिंतीपासून थोडा पुढे टांगा. निवृत्त झालेल्यांचे आकडे ऑइल पेंटने, खेळणाऱ्यांचे खडूने, आणि खडूच्या आकड्याजवळ कुठल्या तारखेपर्यंतचा आहे ते. पेंटची घाई पण करू नका, आपला सुनील छेत्री जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध शेवटची मॅच खेळला, ९४ गोलांवर थांबला असं सगळ्यांनी धरलं, आणि मार्च २०२५ मध्ये परत येऊन शिलाँगला मालदीवविरुद्ध गोल मारला.

रोनाल्डोच्या नावापुढे नुसता आकडा नको, १ सप्टेंबर २०२१ हे पण लिहा. आयर्लंडविरुद्ध पहिल्या हाफमध्ये त्याची पेनल्टी कीपरने अडवली होती, पोर्तुगाल १-० ने मागे, आणि मग ८९ व्या मिनिटाला हेडर, इंज्युरी टाइमच्या (९० मिनिटांनंतर वाढवून दिलेल्या वेळेच्या) सहाव्या मिनिटाला परत हेडर. ११० आणि १११, देशासाठी सगळ्यात जास्त गोलांचा दाईचा रेकॉर्ड मागे. रेकॉर्ड कसा मोडला हे कळलं की पोरं आकडा विसरत नाहीत.

वर्ल्डकपचे गोल वेगळ्या चौकटीत. जर्मनीचा क्लोसे १६, फ्रान्सच्या फोंतेनचे १३ आणि तेही १९५८ च्या एकाच वर्ल्डकपात. २०२२ संपला तेव्हा मेस्सी १३ वर आणि एम्बाप्पे १२ वर होता, ही दोन नावं खडूनेच. एका मॅचमधल्या रेकॉर्डला एक ओळ पुरते, ऑस्ट्रेलियाचा आर्ची थॉम्पसन, २००१, अमेरिकन सामोआविरुद्ध १३ गोल, मॅच ३१-०.

आणि फळ्यावर एक जागा नेव्हिल डिसोझासाठी ठेवा. आपल्या शेजारच्या गोव्याचा माणूस, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, भारत ४-२ ने जिंकला. त्याचं नाव पेंटने लिहा, आणि मोठं लिहा.