आपल्या गल्लीतले लॉकडाऊनचे दिवस वहीत कसे उतरवावेत

तीस वर्षं मी नागपुरात घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. महाल, बुधवारी, इतवारी, टिमकी. कुणाचा मीटर जिन्याखाली, कुणाचा देवघरामागे, कुणाच्या मीटरखालीच कुत्रा बांधलेला, हे आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. २०१९ मध्ये रिटायर झालो आणि पुढच्या मार्चमध्ये सगळं शहरच रिटायर झाल्यासारखं घरी बसलं.

आता त्याच गल्ल्यांमधून पुन्हा फिरतो, फक्त हातात वही असते. कोरोनाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत सरकार रोज एक आदेश काढत होतं. तेव्हा आपल्या माणसांनी काय केलं, काय बोलले, कुणावर चिडले, ते लिहून घेतो. एक्केचाळीस घरं झाली. आमच्याही वस्तीचं असं करायचंय, कसं करता, असं दोन-तीन जणांनी विचारलं. म्हणून हे लिहितो आहे.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमचे कागद वाया जाणार नाहीत. मी चोवीस प्रश्नांची प्रश्नावली टाईप करून आणली होती. ‘लॉकडाऊनचा निर्णय योग्य वाटला का? पूर्णपणे, थोडाफार, नाही.’ पहिल्या सहा घरांत एकच उत्तर मिळालं, “चांगलंच होतं जी.” सातव्या घरी काकाजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, “कोन्त्या पार्टीकडून आले?” तीस वर्षं त्यांच्या ओसरीवर पाणी प्यायलो, तरी हा प्रश्न. हातात छापील कागद दिसला की माणूस सावध होतो. त्या प्रश्नावल्यांची कोरी बाजू आता आमच्याकडे किराण्याच्या यादीला कामी येते.

तर मत विचारू नका. त्या वेळी हातात काय होतं, ते विचारा. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बारापासून देश एकवीस दिवस बंद म्हणाले. तेव्हा तुमच्या गॅसवर काय होतं? हा प्रश्न मी शिवणकाम करणाऱ्या एका काकूंना विचारला. म्हणाल्या, वांग्याची फोडणी. नवरा तसाच बनियनवर पिशवी घेऊन धावला. दुकानासमोर ही गर्दी. तासाभरानं आला तो दोन किलो साखर, शेवयांचं एक पाकीट आणि अगरबत्तीचे तीन पुडे घेऊन. दुकानात तेवढंच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, आणि गाठी कुठेच नाही. घरात डबाभर बत्तासे होते, ते सुईदोऱ्यानं ओवायला बसल्या. पहिला फुटला, दुसरा फुटला, पाचव्याला सुई टोचली ती बोटात. शेवटी खडीसाखर रुमालात बांधून गुढीला लटकवली. हे सांगताना त्या हसत होत्या. आणि हसता हसता, मी न विचारता, म्हणाल्या, “चार तास आधी सांगतेत का जी असं? पंगतीचं बोलावणं बी आपण आदल्या दिवशी देतो.”

बघा, प्रतिक्रिया आली. फोडणीच्या वाटेनं आली. तुमच्या चोविसाव्या प्रश्नाला ती कधीच आली नसती.

यासाठी तारखांचा एक कागद जवळ ठेवा, मोठ्या अक्षरात, म्हातारी माणसं स्वतः वाचू शकतील असा. नुसत्या तारखा लिहून भागत नाही, शेजारी सण लिहा. माणसाला १४ एप्रिल म्हटलं तर काही आठवत नाही, ‘बाबासाहेबांची जयंती’ म्हटलं की सगळं आठवतं. माझ्या कागदावर हे आहे: ११ मार्चला नागपुरात पहिला रुग्ण सापडला. १३ ला राज्यानं १८९७ चा साथरोग कायदा लावला, टॉकीज बंद. २० ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसोबत नागपूरही ३१ पर्यंत बंद केलं. म्हणजे देशाच्या आधी आपण बंद होतो, हे निम्मी माणसं विसरली आहेत. २२ ला रविवारी जनता कर्फ्यू आणि संध्याकाळी पाचला थाळ्या. २५ ला पाडवा. २८ पासून दूरदर्शनवर पुन्हा रामायण. २ एप्रिलला रामनवमी, आणि पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा नाही. ५ ला रात्री नऊला दिवे. १४ ला जयंती आणि त्याच सकाळी लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा. २५ मेला ईद.

१४ एप्रिलच्या त्या एका ओळीनं मला जितकं मिळालं तितकं बाकी सगळ्या कागदानं नाही दिलं. एका घरी आजींनी पहाटे उठून मेणबत्त्या काढून ठेवल्या होत्या. दीक्षाभूमीवर जायला दरवर्षीसारखं पांढरं लुगडंही इस्त्री केलेलं. जाता येणार नाही हे माहीत होतं, तरी केलेलं. दहा वाजता टीव्हीवर अजून एकोणीस दिवस ऐकलं. त्या म्हणाल्या, “मी लुगडं नेसलीच. घरात बसून नेसली. बंद हाय तं बंद हाय, पन जयंती थोडीच बंद हाय?” ही सरकारला मान्यता म्हणायची की विरोध? मला ठरवता आलं नाही. मी दोन्हीपैकी काहीच लिहिलं नाही, तिचं वाक्य लिहिलं. तुम्हीही तेच करा. वहीत ‘नाराज’, ‘समाधानी’ असे शब्द आले की समजा, तुम्ही ऐकणं सोडून निकाल द्यायला बसला आहात.

मग वस्तू मागा. आठवण फिरते, वस्तू फिरत नाही. वीज बिलं मागायची मला सवयच. तेव्हा रीडिंग बंद होतं, सरासरीनं बिलं आली, आणि जूनमध्ये तीन महिन्यांचं एकत्र बिल हातात पडल्यावर घराघरात काय बोललं गेलं ते इथं लिहिता येत नाही. मी रिटायर झालेलो, तरी लोक माझ्या दारात येऊन भांडत होते. जनधन खात्याचं पासबुक मागा. त्यात एप्रिल ते जून पाचशे-पाचशेच्या तीन नोंदी दिसतील. त्या नोंदींवर बोट ठेवा आणि गप्प बसा, बाई आपोआप सांगेल. एकीनं सांगितलं, पाचशे काढायला बँकेसमोर खडूच्या गोलात दोन तास उभी राहिले. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली होती, ते थाळीवाल्या घरांना बरोबर आठवतं, बाकीच्यांना नाही.

आणि परात. आमच्या समोरच्या घरी पितळेची एक परात आहे. २२ मार्चला घरातल्या पोरानं ती गच्चीवर नेली आणि बत्त्यानं अशी बडवली की काठाला अंगठा बसेल एवढा पोचा पडला. आजही त्याच परातीत कणीक मळतात आणि कणीक दर वेळी त्या पोच्यात अडकते. बाई बोटानं ती कोरून काढताना पोराला दोन शब्द सुनावतात. मी त्या पोच्यावर पट्टी ठेवून माप घेतलं, तर हसून लोळले सगळे. पण वहीत आहे ते: पावणेदोन इंच.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. पानाचे दोन भाग करा. डावीकडे ‘तेव्हा’, उजवीकडे ‘आता’. आज माणूस जे सांगतो ते आजचं असतं. थाळी वाजवणारा आज म्हणतो, मी कुठं वाजवली? शिव्या देणारा म्हणतो, माझा पहिल्यापासून पाठिंबा होता. खोटं कुणी बोलत नाही, मधली वर्षं मध्ये येतात. म्हणून ‘तेव्हा’साठी पुरावा बघा. फोनमधला फोटो, त्या दिवशीचा मेसेज. तेव्हाचे महापालिका आयुक्त तुकाराम मुंढे यांचं नाव काढलं की एकाच घरात दोन पानं भरतात. नवरा म्हणतो असाच माणूस पाहिजे, बायको म्हणते भाजी आणायची सोय नव्हती. ऑगस्टमध्ये त्यांची बदली झाली आणि ते निघाले तेव्हा बंगल्यासमोर गर्दी जमली, हेही आहेच. दोन्ही लिहायचं. बेरीज करायची नाही.

मेसेज जसे आले तसे उतरवा, खोटे असले तरी. ‘चौदा तास घरी बसलं की विषाणू मरतो’, ‘रात्री हेलिकॉप्टरनं औषध फवारणार, कपडे आत घ्या.’ आमच्या गल्लीत खरोखर कपडे आत घेतले होते. शेजारी लाल पेनानं ‘अफवा’ लिहा, नाहीतर पन्नास वर्षांनी वाचणारा हेलिकॉप्टर शोधत बसेल. ५ एप्रिलला मलाही फोनावर फोन आले. सगळ्यांनी एकदम दिवे घालवले तर ग्रीड, म्हणजे देशभरच्या विजेचं जाळं, बसेल का? मी सांगून सांगून थकलो, बाप्पा, नुसते दिवे घालवा, फ्रिज-पंखे चालू ठेवा. त्या वेळी देशाची मागणी ३१ हजार मेगावॉटहून जास्त उतरली, ग्रीड टिकली. पण मी स्वतः दिवा लावला नाही, मीटरकडे बघत उभा होतो. माझं पानही वहीत आहे. तुमचंही घाला, नाहीतर तुम्ही सरकारी माणसासारखे दिसता.

रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा आणि फोन समोर ठेवा, खिशात नाही. एका वहिनींची बारा मिनिटांची क्लिप मी मुलाला पाठवायला गेलो, ती गल्लीच्या ग्रुपवर गेली. मी लगेच काढली, पण नऊ जणांनी तोवर ऐकली होती. त्यात त्या सासूबद्दल बोलल्या होत्या. दोन महिने माझ्या बायकोशी त्यांनी भाजीच्या गाडीवरसुद्धा बोलणं टाकलं. तेव्हापासून मी हातानंच लिहितो.

आणि क्वारंटाईन. इथं हळू चाला. सतरंजीपुरा, मोमीनपुऱ्यात रुग्ण वाढले तेव्हा वस्तीच्या वस्ती उचलून विलगीकरणात नेली गेली, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. तिथली माणसं आजही ‘आमच्याकडं लोक कसे बघत’ एवढंच सांगतात, आणि मग चहा विचारतात. तेवढंच घ्या, चहा प्या. परदेशातून आलेल्या एका पोराच्या डाव्या हातावर शिक्का मारला होता. महिनाभर ताट समोर आलं की तो डावा हात मांडीखाली धरायचा, अजूनही धरतो, त्याला स्वतःला ठाऊक नाही. मला त्याच्या आईनं दाखवलं.

कोणी कुणाची खबर महापालिकेला दिली, हे मात्र लिहू नका. प्रत्येक गल्लीत एक फोन झालेला असतो. सांगायला लोक उत्सुक असतात, नावानिशी सांगतात आणि निम्मी नावं चुकीची असतात. त्या नावावर आजही मुलीचं स्थळ मोडू शकतं.

शेवटचा प्रश्न मी आपल्या नागपुरातूनच घेतला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणत पिवळी आणि काळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघतात, मागं बडगे, तेही पुतळेच. सरकार असो, महागाई असो, ज्याच्यावर राग त्याचा बडग्या. २०२० ला, नेमकी रोगराई असताना, मिरवणूक निघाली नाही. म्हणून मी विचारतो, त्या वर्षी तुम्ही बडग्या केला असता तर कोणाचा? आता मतं येतात. वीज बिलाचा, एकानं म्हटलं. चॅनलवाल्यांचा. दूध दोन रुपयांनी महाग देणाऱ्या भावाचा. एका मास्तरांनी चक्क कोष्टक काढून तीन बडगे सांगितले, केंद्राचा, राज्याचा आणि मनपाचा, उंचीसकट.

एका घरी हा प्रश्न विचारला तर बाई बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझाच करा. फोन मीच केला होता.”

मी पेन खिशाला लावलं. वहीत त्या पानावर फक्त तारीख आहे.