कैरोतले पहिले दिवस आणि आकड्यांचा घोळ

कैरोला शिकायला आले तेव्हा वाटलं पुण्यात दोन वर्षं अरबी केलंय, निभेल. पण पहिल्याच दिवशी फळवाल्याकडे अडले, पाटीवर एक आणि पुढे गोल होता म्हणून मी १० पाउंड दिले आणि तो मान हलवत १५ मागतोय! तिथे आपल्या शून्यासारखा दिसतो तो पाच असतो, शून्य म्हणजे नुसता टिंब, आणि सहा इंग्रजी सातासारखा, त्यामुळे बसचे नंबरही चुकायचे, दोनदा भलतीकडेच उतरले, रडू आलं खरं सांगते.

मग उपाय सापडला तो पर्समध्येच. नोटेच्या एका बाजूला अरबी आकडे, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. त्यातून ०, १, २, ५ पक्के झाले, बाकीचे पाठ केले आणि सराव गाड्यांच्या नंबरप्लेटवर, तिथे अरबी आकडे असतात, चालता चालता वाचत राहायचं. अक्षरं उजवीकडून असली तरी संख्या डावीकडूनच वाचायची हे मात्र लक्षात ठेवा. चार दिवसांत जमलं.

बोलीचं वेगळंच, इथे 'ज'चा 'ग' करतात, जमीलचं गमील, त्याला वेळ लागतोय अजून.